चेष्टा सरांचा राजीनामा

आमच्या चेष्टा सरांना चुकीचा शब्द सापडला की आनंद व्हायचा. दुसरे मास्तर पोरांच्या वहीत चूक दिसली की छडी शोधायचे, हे खडू शोधायचे. फळ्याच्या मधोमध तो शब्द मोठ्या अक्षरांत लिहायचा, दोन्ही बाजूंना उभी रेघ ओढायची, डावीकडे मराठी अर्थ, उजवीकडे हिंदी, आणि मग दोन पावलं मागं सरून नव्या सुनेकडे बघावं तसं त्या शब्दाकडे बघत राहायचं. तेवढ्यात तास संपायचा. धडा राहिला तो राहिलाच.

हे नाव त्यांना आमच्या आधीच्या कुठल्या तरी वर्गानं दिलं होतं. एका मुलानं घरचा अभ्यास केला नव्हता. तो उभा राहून नम्रपणे म्हणाला, "सर, कल तक पूरा करने की चेष्टा करूँगा." सर म्हणाले, "कोणाची?" हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न आणि मराठीत चेष्टा म्हणजे टिंगल, हे निम्म्या वर्गाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि सगळ्या शाळेला सरांसाठी नाव मिळालं. त्यांचं खरं आडनाव मलाही बरेच दिवस ठाऊक नव्हतं. इथं ते सांगणारही नाही. ज्या गावानं ते विसरून टाकलं त्याला आयतं आठवून द्यायची माझी इच्छा नाही.

सर मूळचे आमगावकडचे, घरात बोलणं मराठी, आणि मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या मिशनच्या शाळेत शिकवायचे हिंदी. मराठी हा विषयच शाळेत नव्हता. आमच्या घरांत तेव्हा अशी गंमत होती की आई मराठीत रागवायची आणि आम्ही हिंदीत उलट उत्तर द्यायचो. सरांच्या हिंदीला कागदावर कोणी बोट लावू शकत नसे. बोलताना मात्र त्यांच्या तोंडून 'काला'चा 'काळा' होऊन जायचा. एवढ्यावरून गावानं ठरवून टाकलं की या मास्तरला हिंदी येत नाही. सरांना ते माहीत होतं. "ळ माझ्या आईचा आहे," म्हणायचे, "तिच्यासोबत थोडाच जाळून टाकू?"

त्यांचे शब्द ठरलेले होते. संसार आला की म्हणायचे, "हिंदीवाल्याचा संसार पृथ्वीएवढा, आपला स्वैपाकघराएवढा. म्हणून आपल्या बाया लवकर थकतात." राजीनामा आला की आवाज खाली आणून बजावायचे, "आपल्यात राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. इथं कोर्टात राजीनामा म्हणजे दोघांतला समेट. याद ठेवजा रे पोट्टेहो, नाहीतर समेट करायले जाल अन् नोकरी देऊन याल." आम्ही दरवेळी हसायचो. हा विनोद पुढं कोणावर उलटणार आहे ते कोणाला माहीत होतं!

शाळेला आपल्या जुन्या विद्यार्थ्यांचा फार अभिमान होता. प्रार्थना झाली की फादर पायरीवर उभे राहून सांगायचे की अमका भिलाईला इंजिनियर झाला, तमका जबलपूरहून डॉक्टर होऊन आला. मग टाळ्या, मग त्याचा फोटो व्हरांड्यात लागायचा. ज्यांचे फोटो लागत नसत तेही शाळेचेच विद्यार्थी होते, पण त्यांची नावं पायरीवरून कधी ऐकू आली नाहीत. सर त्यांच्या घरी जायचे. भरवेलीला एकानं सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं, तर सर आपली धडधाकट सायकल घेऊन मुद्दाम तिथं गेले आणि नसलेलं पंक्चर शोधायला लावलं. बैहरला एक मुलगी नर्स झाली, तेव्हा पेढे घेऊन बसनं गेले. फळ्यावर त्यांनी 'यश' हा शब्द लिहिला होता तो मला अजून दिसतो. "हिंदीत यश म्हणजे नाव होणं," ते म्हणाले, "मराठीत यश म्हणजे काम होणं. व्हरांड्यात उजवीकडचं यश टांगलं आहे. डावीकडचं पाह्यचं असेल तर माझ्यासंगं सायकलवर चला."

असं बोलणाऱ्या माणसाला व्हरांड्यातल्या एका फोटोचा मात्र लळा होता. तो होता वकीलसाहेबांचा. वकीलसाहेब मराठी घरातले, गरिबीतून वर आलेले, सरांच्या हाताखाली शिकलेले. कित्येक संध्याकाळी सरांच्याच घरी जेवून अभ्यासाला बसलेले. आता गावातले सगळ्यात चालणारे वकील, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे अध्यक्ष. शाळेच्या जमिनीचा जुना दावा होता, तोही त्यांच्याच हातात. बायको जबलपूरची हिंदी बोलणारी, त्यामुळे घरातून मराठी कधीच निघून गेली होती. पण सर त्यांची एक गोष्ट दर वर्षी नव्या वर्गाला सांगायचेच. सहावीत असताना या महाशयांनी रजेचा अर्ज लिहिला होता: 'कल पिताजी ने मुझे बहुत शिक्षा दी, इसलिए मैं शाला नहीं आ सका.' बापानं झोडपलं म्हणून पोरगं आलं नाही. हिंदीत वाचणाऱ्याला वाटावं, बापानं इतकं शिकवलं की शाळेची गरज उरली नाही. मग फळ्याच्या मधोमध 'शिक्षा', डावीकडे सजा, उजवीकडे विद्या. "ही चूक मराठी घरातच पैदा होते," सर म्हणायचे. "हिंदीवाल्याच्या हातून मरेपर्यंत होणार नाही."

एका स्नेहसंमेलनात सरांनी ही गोष्ट स्टेजवरूनच सांगितली. सभागृह हसलं, पहिल्या रांगेत बसलेले वकीलसाहेबही हसले. त्यांची बायको हसली नाही. सरांना वाटलं पोराचं कौतुक झालं. माणसं ओळखण्यात सर कच्चेच होते. शब्दाला दोन बाजू असतात हे ज्यांना एवढं कळत होतं त्यांना माणसालाही असतात हे कळू नये, याचा मला आजही राग येतो.

आता माझं. मी मंदा, नववीतली, फीमाफीवर शिकणारी. माझे बाबा बैहरच्या खाजगी बसवर कंडक्टर होते. मालकाच्या हुकमानं टपावर माणसं बसवायची आणि पोलीस दिसले की उतरवायची, हे त्यांचं रोजचं काम. एकदा घाटात टपावरून एक जण पडला आणि पाय गमावून बसला. मालकानं हात वर केले: मी कधी टपावर बसवा म्हणालो? बाबा कोठडीत जाऊन आले आणि नोकरीही गेली. त्याच हिवाळ्यात सहामाहीच्या पेपरात निबंध आला, 'मेरे पिता'. मी बाकी काही सजवलं नाही. लिहिलं, 'मेरे पिताजी को बिना अपराध के शिक्षा मिली.' घरी आई रोज तेच म्हणत होती, गुन्हा नसताना शिक्षा भेटली. मी ते हिंदीत लिहिलं, असं मला वाटलं.

माझ्या मागच्या बाकावर वकीलसाहेबांची रश्मी बसायची. तिच्या पेपरात कंडक्टरच्या जागी वकील होता, बसच्या जागी कचेरी होती, आणि बाकी वाक्यं माझी होती. ते वाक्यसुद्धा.

सरांनी आम्हा दोघींना स्टाफरूमच्या दाराशी बोलावलं. रश्मीला तिचंच वाक्य वाचायला लावलं आणि अर्थ विचारला. "पिताजी को शिक्षा मिली, मतलब पढ़ाई," ती म्हणाली. सर म्हणाले, "अच्छा. और बिना अपराध के? बेटी, पढ़ने के लिए अपराध करना पड़ता है क्या?" ती रडायला लागली. तिला शून्य मिळालं. मला त्यांनी तो शब्द लाल शाईनं दुरुस्त करून दिला, दोन गुण कापले आणि हळूच म्हणाले, "चूक परत करजो नको, पण विसरजो बी नको. ही तुझी सही आहे."

रश्मीनं घरी सांगितलं की मंदानं माझी नक्कल केली.

दुसऱ्या दिवशी फादरांच्या खोलीत आम्ही सगळे होतो. फादर टेबलामागं, वकीलसाहेब खुर्चीत, सर उभे, आणि दाराला चिकटून मी आणि बाबा. बाबांनी टोपी काढून हातात धरली होती, कोठडीत जाऊन आल्यापासून त्यांना ती सवय लागली होती. ठरायचं एवढंच होतं की चोर कोण. मी ठरले तर माझी फीमाफी जाणार, आणि फीमाफी गेली की शाळा गेली. वकीलसाहेब शांतपणे म्हणाले की बड्या घरच्या मुलीला कंडक्टरच्या मुलीची नक्कल करायची गरज काय. फादरांना ते पटत असावं. पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी सरांना विचारलं, "आपके पास कोई सबूत?"

सरांनी दोन्ही पेपर पुढं ठेवले आणि तो शब्द समजावून सांगितला. फळा नव्हता, म्हणून टेबलावर बोटानंच दोन रेघा ओढल्या. फादर दक्षिणेकडचे, त्यांची हिंदीच कामापुरती, मराठी तर शून्य. ते गोंधळले. बाबा दारातून म्हणाले, "हौ साहेब, हमारे में शिक्षा मतलब सजाच." फादर त्यांना म्हणाले, "आप तो लड़की के पिता हैं." आणि मग त्यांनी अगदी सरळ मनानं वकीलसाहेबांकडे वळून विचारलं, "आप तो मराठी हैं. आप बताइए. इस शब्द का ऐसा मतलब होता है?"

सरांचा चेहरा उजळला होता. मी तो पाहिला आहे. त्यांना वाटलं प्रश्न सुटला. फादरांनी नेमक्या त्याच माणसाला विचारलं होतं ज्यानं सहावीत तो अर्ज लिहिला होता. सर मराठीतच म्हणाले, "सांग बाबा यायले. तुले तर माहीत आहे."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "फादर," ते म्हणाले, "मराठी तो माँ के साथ चली गई. मुझे नहीं मालूम."

बालाघाटात मराठी माणसांचा काय दुष्काळ होता? बाहेर माठात पाणी भरणाऱ्या बाईला विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. पण वकीलसाहेब नाही म्हणाल्यावर माठाजवळच्या बाईला विचारायची पद्धत कुठल्याच शाळेत नाही, आणि ज्या शाळेची जमीन त्यांच्या हातात आहे तिथं तर नाहीच.

मग वकीलसाहेब मोठ्या मनाचे झाले. बच्चों की बात है, म्हणाले. लड़की मान ले, सर लिखकर दे दें कि जाँचने में भूल हुई, फीस की माफ़ी भी बनी रहे. "सर, राजीनामा कर लीजिए. बात ख़त्म."

 सरांनी फादरांकडे कोरा कागद मागितला, टेबलाच्या कोपऱ्यावर वाकून उभ्याउभ्याच लिहिला आणि पुढं सरकवला. वर मधोमध मोठ्या अक्षरांत 'राजीनामा' असं लिहिलेलं होतं. खाली शुद्ध हिंदीत दोन ओळी होत्या, की मी आजपासून या शाळेची नोकरी सोडत आहे. फादर म्हणाले, "यह क्या है? उन्होंने तो…" सर म्हणाले, "उन्होंने राजीनामा माँगा. मैंने दे दिया." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून बाहेर पडले. बाबांनी टोपी डोक्यावर ठेवली. "घरी चाल, पोरी," एवढंच म्हणाले.

माझी फीमाफी गेली. मी सरकारी मुलींच्या शाळेत गेले.

आठवड्याच्या आत सगळ्या गावाला एक विनोद मिळाला. सलूनमध्ये, पानाच्या ठेल्यावर, कोर्टाच्या आवारात माणसं एकमेकांना हसत सांगत होती, "मराठी मास्टर से समझौता माँगा, वो नौकरी दे आया! राजीनामा का मतलब ही नहीं पता था!" हिंदी शिकवण्यात ज्यानं केस पांढरे केले, ज्यानं हाच विनोद दर वर्षी पोरांना सांगितला, त्यालाच गावानं त्या विनोदातला मूर्ख करून टाकलं. सांगणाऱ्यांत त्यांचे विद्यार्थीही होते. ज्यांनी वर्गात बसून दोन्ही अर्थ लिहून घेतले होते ते खो-खो हसत होते. व्हरांड्यात फोटो लागण्याच्या लायकीची ती पोरं!

मी संध्याकाळी सरांच्या घरी शिकायला जात राहिले. एकदा चिडून विचारलं, "सर, तुम्ही लोकायले सांगत काहून नाही?" ते म्हणाले, "काय सांगू? मले दोन्ही अर्थ येतात असं घरोघर जाऊन सांगू? ज्याले येत होते तोच बोलला नाही." मग स्वतःशीच हसल्यासारखं करून म्हणाले, "चेष्टा सर नाव ठेवलं होतं ना तुम्ही. हिंदीतली मी जन्मभर केली. मराठीतली आता माझी होऊन राह्यली."

मला हसू आलं नाही. खरं म्हणजे तेव्हा त्यांचाही राग मनात होता, आणि तो मी बोलून टाकला. तुम्ही सही केली असती तर मी शाळेत राहिले असते, म्हटलं. काकू आतून येत होत्या त्या दारातच थांबल्या. सरांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "हौ. राह्यली असती. चोर म्हणून राह्यली असती. ते मले लिहिता नाही आलं. तुझं नुकसान झालं, ते मी भरून देऊ शकत नाही, मंदे." एवढ्या सरळ उत्तरानं राग जातो असं नाही. माझा गेला नाही. फक्त त्याला जागा बदलावी लागली.

त्या हिवाळ्यात त्यांनी मला जे शिकवलं त्यावर मी पुढच्या सगळ्या परीक्षा दिल्या, गोंदियाला कॉलेज केलं, आणि हे मराठी लिहायला शिकले. माझ्या मुलाखतीला, नोकरीला, लग्नाला कोणी पायरीवर उभं राहून टाळ्या वाजवल्या नाहीत. सर असते तर पेढे घेऊन आले असते. आमगावला धाकट्या भावाच्या घरी ते चारच पावसाळे टिकले. मला कळलं तेव्हा तेरवीसुद्धा होऊन गेली होती.

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या बालाघाट सोडून जाण्याच्या दिवशी. योग असा की त्याच सकाळी शाळेचा जयंती-उत्सव होता. सरांचं भाड्याचं घर शाळेच्या मागच्याच गल्लीत. आंब्याला बांधलेल्या भोंग्यातून एकेका थोर विद्यार्थ्याचं नाव गर्जत होतं: इंजिनियर, डॉक्टर, कॅप्टन. प्रत्येक नावाला सर मान हलवायचे. "याची वेलांटी कधी सुधरली नाही," म्हणायचे, किंवा "हा चांगला होता, डबा वाटून खाये." पुस्तकांची पेटी भरून झाली होती. छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीला अजून वेळ होता. मी वळकटीवर गुडघा दाबून बसले होते आणि सर दोरी आवळत होते.

तेवढ्यात भोंग्यातून वकीलसाहेबांचा आवाज आला. आवाज चांगला होता त्यांचा, कोर्टात कमावलेला. ते म्हणाले, "आज मैं जो कुछ हूँ, इसी शाला की वजह से हूँ. मुझे जो शिक्षा मिली, यहीं मिली." टाळ्यांचा कडकडाट झाला.

सरांचे हात थांबले. सवयीनं त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली, जणू तिथं फळा आहे आणि मधोमध तो शब्द लिहिलेला आहे. पण त्या दिवशी त्यांनी रेघा ओढल्या नाहीत.

"नाही," ते म्हणाले. "त्याले नाही भेटली. शिक्षा मले भेटली."

आणि त्यांनी दोरीला गाठ मारली.